लेकराच्या रक्तात शिसं सापडलं, तर

आईबाबांनो,

लोहाचं औषध देऊनही मुलाचं हिमोग्लोबिन वाढत नाही. पोट सारखं दुखतं, शौचाला कडक होते, किंवा बोलायला उशीर होतोय. म्हणून डॉक्टर रक्ताची एक जरा वेगळी तपासणी लिहून देतात. अहवाल येतो आणि त्यात शिसं निघतं. 'आमच्या घरात शिसं कुठून येणार?' हा पहिला प्रश्न. त्याच्या पाठोपाठ, बहुतेक वेळा आईच्याच मनात, दुसरा येतो: 'माझं कुठे चुकलं?'

पहिला प्रश्न घट्ट धरून ठेवा आणि दुसरा सोडून द्या. मुलाचं बरं होणं पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे आणि दुसरा त्या उत्तराच्या आड येतो. तो आड कसा येतो, हेच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी आकड्याबद्दल. लोह, जस्त, तांबं या धातूंची शरीराला थोडी थोडी गरज असते. शिशाचं शरीरात कसलंच काम नाही. त्यामुळे 'एवढं असलं तर चालतं' अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली नाही. मात्र डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसं निघालं, तर ते कुठून येतंय हे शोधून ती वाट बंद करावी, असं तिच्या 2021 च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था 2021 पासून 3.5 हा आकडा धरते. हीच संस्था 1960 च्या दशकात 60 पर्यंत काळजीचं मानत नव्हती. 1991 मध्ये ती 10 वर आली, 2012 मध्ये 5 वर. जसजसा अभ्यास वाढला तसतसं कळत गेलं, की आधी ज्याला 'थोडं' म्हणत होतो तेही मुलाच्या मेंदूला सोसत नाही. काही अहवालांवर अजून जुनीच मर्यादा छापलेली असते. म्हणून 'नॉर्मल' हा शेरा वाचून कागद घडी घालून ठेवू नका, आकडा डॉक्टरांना दाखवा. एककही पाहा. प्रतिलिटर 50 आणि प्रतिडेसिलिटर 5 हे एकच आहे. आणि रक्त बोटाला टोचून घेतलं असेल, तर कातडीवरच्या धुळीमुळे आकडा फुगू शकतो. अशा वेळी शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासणी करावी लागते. तोवर जीव टांगणीला लावू नका.

यात तुमचं घर एकटं नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी 2020 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात 5 किंवा त्याहून अधिक शिसं आहे. त्यातली 27 कोटींहून अधिक मुलं भारतातली. आपल्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने नीती आयोगासोबत 2022 मध्ये याच प्रश्नावर स्वतंत्र अहवाल दिला. फरक एवढाच, की आपल्याकडे ही तपासणी सरसकट होत नाही. तुमच्या मुलाची झाली आणि दोष वेळेत हाती लागला, याला मी नशीबच म्हणेन.

मुलांनाच हा त्रास जास्त का? पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या रक्तात साधारण दहावा हिस्सा उतरतो. लहान मुलाच्या रक्तात निम्म्यापर्यंत उतरू शकतो. शिवाय रांगतं बाळ जमिनीवर असतं, हात तोंडात असतो. शरीराच्या दृष्टीने शिसं हे कॅल्शियमचं सोंग घेतलेला बहुरूपी आहे. त्या सोंगावर ते आतड्यातून आत शिरतं, मेंदूपर्यंत पोचतं आणि हाडांत वर्षानुवर्षं दडून बसतं. मुलाच्या शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिशाला आणखी मोकळं रान मिळतं. शिवाय ते हिमोग्लोबिन तयार होण्याच्या कामातही खोडा घालतं. लोह कमी म्हणून शिसं जास्त शोषलं जातं आणि शिशामुळे रक्त आणखी कमी होतं, असं हे चक्र चालू राहतं. लोह कमी असलेलं मूल माती, भिंतीचे पोपडे खाऊ लागतं आणि त्यातूनही शिसं पोटात जातं.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. बाबा औद्योगिक वसाहतीत इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कामावर आहेत. संध्याकाळी सात वाजता मोटारसायकल दारात लागते. दीड वर्षांची लेक धावत येऊन त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारते, खिशातला मोबाइल ओढते, तो तोंडात घालते. बाबा तसेच तिला उचलून घेतात. दिवसभर तिला पाहिलेलं नसतं, हातपाय धुवायला कोण थांबेल? पँटवरची करडी धूळ तिच्या झबल्यावर येते. दुसऱ्या दिवशी बाबांचा कामाचा शर्ट आणि तिची झबली एकाच बादलीत भिजतात. दुपारी आजी तिच्या डोळ्यांत बाजारातून आणलेला सुरमा घालते, दृष्ट लागू नये म्हणून. रात्री आई खोकल्यासाठी हळदीचं दूध देते.

या घरात निष्काळजीपणा कुठेही नाही. शिसं ज्या वाटांनी येतं, त्यातल्या कितीतरी वाटा मायेच्याच आहेत. आणि म्हणूनच ते सापडत नाही. डॉक्टर विचारतात, 'बाळाला बाहेरचं काही देता का?' आई म्हणते, 'नाही.' कारण सुरम्याचं नाव घेतलं तर आजीकडे बोट दाखवल्यासारखं होईल. बॅटरीचं नाव घेतलं तर नवऱ्याच्या भाकरीवर घाला पडेल. वैद्याच्या पुडीचं नाव घेतलं तर डॉक्टर रागावतील. प्रत्येक जण दुसऱ्याला सांभाळून घेतो आणि शिसं रोज घरात येत राहतं. 'कुणाचं चुकलं' हा प्रश्न घरात घुमत असेल, तोवर खरं उत्तर कुणी देत नाही.

म्हणून आधी घरात सांगून टाका की आपण कुणाला धरायला निघालेलो नाही. मग एकत्र बसून वाटा तपासा.

पहिली वाट बाबांच्या कामाची. बॅटरीचं काम, धातू वितळवणं, डाग देणं, जुने रंग खरवडणं, या कामांतली धूळ कपड्यांवर, केसांवर, चपलांवर बसून घरी येते. नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही. घर कशावर चालतं ते मला कळतं. पण कामाचे कपडे आणि चपला कामावरच बदला. ते जमत नसेल तर दारातच बदला, अंघोळ करा आणि मगच लेकराला उचला. कपडे वेगळ्या बादलीत, वेगळे धुवा. मोबाइल पुसून घ्या. जवळपास कुठे उघड्यावर बॅटऱ्या वितळवत असतील, तर त्या अंगणातली मातीसुद्धा संशयातच धरा.

दुसरी वाट स्वयंपाकघराची. हळकुंडांना झळाळी यावी म्हणून त्यांना लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळतात, हे बांगलादेशात 2019 मध्ये अभ्यासकांनी उघडकीस आणलं. पुढे भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या 23 शहरांतली हळद तपासली गेली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साधारण 14 टक्के नमुन्यांत ग्रॅममागे 2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. पाटण्यात तर हजाराच्या वर आकडे सापडले. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत हळदीसाठी मर्यादा आहे 10 ची. सगळ्याच हळदीवर संशय घेऊ नका. सांगली, वायगाव, वसमत ही हळदीची आपली मानाची गावं आहेत. पण भडक, चकचकीत पिवळ्या रंगावर भुलू नका. खडी हळकुंडं घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही, कारण रंग चोळला जातो तो हळकुंडालाच. हा रंग डोळ्यांनी किंवा पाण्याच्या पेल्यात ओळखता येईल याची खात्री नाही. मुलाच्या रक्तात शिसं निघालंच असेल, तर घरातली हळद आधी थांबवा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या.

स्वयंपाकघरातच भांडीही पाहा. पितळेच्या भांड्याला कल्हई शुद्ध कथलाची हवी. तिच्यात शिसं मिसळलेलं असेल तर चिंच-कोकमाच्या आंबटाने ते अन्नात उतरतं. भंगार वितळवून केलेल्या हलक्या प्रतीच्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांतही शिसं सापडतं. आपण ज्याला इंडालियम म्हणतो, त्या प्रकारच्या काही भांड्यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये ग्राहकांना सावध केलं होतं. मुलाची खीर, वरण, सार शिजवायला स्टीलचं भांडं घ्या.

तिसरी वाट काजळ-सुरम्याची आणि कपाळाची. सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजापासूनच केलेला असतो. तो डोळ्यांत जातो, बाळ डोळे चोळतं, तीच बोटं चोखतं. शेंदूर हा शिशाचाच एक ऑक्साइड आहे. मारुतीला, गणपतीला तो तेलात कालवून लावतात आणि तेच बोट आपण श्रद्धेने बाळाच्या कपाळी टेकवतो. भांगात भरायच्या सिंदुराचे 118 नमुने अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यू जर्सी, मुंबई आणि दिल्लीतल्या दुकानांतून घेऊन तपासले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दहापैकी आठ नमुन्यांत शिसं होतं आणि काही नमुन्यांत ते अमेरिकेतल्या मर्यादेच्या वर होतं. देवाला हात जोडा, आशीर्वाद घ्या, अंगारा लावा. शेंदूर आणि सुरमा मात्र बाळाच्या अंगाला लावू नका.

चौथी वाट पुड्यांची आणि भस्मांची. हे बोलताना मला आयुर्वेदाचा अवमान करायचा नाही. पण नागभस्म शिशापासूनच करतात आणि त्रिवंग भस्मात शिसं हा तिघांपैकी एक धातू असतो, हे त्या शास्त्रातच लिहिलेलं आहे. 2012 मध्ये अमेरिकेतल्या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधल्या सहा गर्भवती स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या औषधांमुळे त्यांच्या रक्तात शिसं वाढलं होतं. शिसं वार ओलांडून गर्भापर्यंत जातं. म्हणून दिवस राहावेत यासाठी, गर्भारपणात किंवा बाळाने बाळसं धरावं यासाठी कुणी बिनलेबलाची पुडी दिली, तर ती घेऊ नका. औषध कुठलंही असो, त्यात काय आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पाचवी वाट रंगांची. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा आपला नियम 2016 चा. तो लागू झाला 2017 च्या अखेरीस. त्याआधीचा तैलरंग जुन्या चाळींच्या, वाड्यांच्या दारं-खिडक्यांवर, गजांवर, पाळण्यावर अजून आहे. त्याचे पोपडे निघत असतील तर ते कोरडे खरवडू नका, धूळ घरभर होईल. ओल्या फडक्याने पुसा, आणि रंगकाम निघालं तर मुलाला तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा. खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहा. 2021 पासून ते सक्तीचं आहे. आणि मूल शिसपेन्सिल चावतं याची मात्र या बाबतीत भीती नको. तिच्या टोकात ग्राफाइट असतं, शिसं नसतं.

आता उपचार. अहवाल पाहिल्यावर वाटतं, रक्त साफ करणारं एखादं औषध असेल, ते लगेच सुरू करावं. शिसं बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती साधारण 45 किंवा त्यावरच्या आकड्याला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. त्याखालच्या आकड्यांना ती कितपत उपयोगी पडतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेत 780 मुलांवर मोठा अभ्यास झाला. 2001 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. औषधाने रक्तातलं शिसं खाली आलं, पण मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. म्हणून 'डिटॉक्स'च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि काढ्यांवर पैसे घालवू नका. त्यातच आणखी काय असेल, कोण जाणे. मात्र मुलाला झटके आले, उलट्या थांबेनात, ते गुंगीत जाऊ लागलं, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

बाकी सगळा उपचार तुमच्याच हातात आहे. शिशाची वाट बंद झाली की रक्तातला आकडा उतरू लागतो. तो आठवड्यात उतरत नाही, महिने लागतात, कारण हाडांत साठलेलं शिसं सावकाश सुटत राहतं. मुलाला उपाशीपोटी फार वेळ ठेवू नका, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. कॅल्शियमसाठी नाचणीची खीर, दूध, दही, तिळाची चटणी. लोहासाठी पालेभाज्या, राजगिरा, अळीव, डाळी, चालत असेल तर अंडी आणि मासे. त्यावर लिंबू पिळा किंवा आवळा द्या, म्हणजे लोह नीट लागू पडेल. डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध मध्येच सोडू नका. जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी हात साबणाने धुवा. कोरड्या झाडूने धूळ उडवण्यापेक्षा फरशी आणि खिडक्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसा. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करा. पाठच्या-पुढच्या भावंडांची आणि घरात कुणी गर्भवती असेल तर तिचीही तपासणी करून घ्या. वाट घरात असेल तर ती एकाच मुलापुरती नसते.

तुम्ही रात्री जागून ज्याचा विचार करता त्याविषयीही बोलू. 'याची बुद्धी गेली का?' नाही. शिशाचा परिणाम होतो आणि कमी पातळीवरही होतो, हे मी लपवणार नाही. 2005 मध्ये अनेक देशांतली माहिती एकत्र करून पाहिलं, तेव्हा आकडा 2.4 वरून 10 वर जाताना बुद्ध्यांकात साधारण चार गुणांची घट दिसली. पण ती सरासरी आहे, तुमच्या मुलाचं भविष्य नव्हे. त्याच्याशी भरपूर बोलणं, गोष्टी सांगणं, खेळणं, नीट खाऊ घालणं, गरज वाटली तर वाचा-उपचार आणि विकासतज्ज्ञांची मदत लवकर घेणं, याने मुलं खूप पुढे जातात. शाळेत कुणी 'हे मूल मंद आहे' असं म्हणालं, तर ते शब्द घरी उच्चारू नका. त्याच्यासमोर तर मुळीच नको.

हे सगळं एकट्या आईबापांनी निस्तरावं, असंही नाही. बंगळुरूचे डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी आयुष्याचा मोठा भाग या एका विषयाला वाहिला. 2000 साली आपल्या देशातून शिशाचं पेट्रोल गेलं आणि 2021 पर्यंत ते जगभरातल्या पेट्रोल पंपांवरून हद्दपार झालं. बांगलादेशात सरकारने बाजारांत छापे घातले, दंड केले, लोकांना जागं केलं. 2019 मध्ये ज्या बाजारांतल्या हळदीचे जवळजवळ निम्मे नमुने दूषित होते, तिथे 2021 मध्ये एकही दूषित नमुना सापडला नाही. मनावर घेतलं तर हे विष थांबतं. तुमची हळद दूषित निघाली तर गप्प राहून पाकीट फेकून देऊ नका. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. त्या दुकानातून आणखी कितीतरी घरांत तीच हळद गेलेली असते.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक पिशवी भरून न्या: हळद, मसाले, काजळ, सुरमा, पुड्या, गुटी, बाळाचं आवडतं खेळणं. काय आणायचं आणि काय लपवायचं हे आधी ठरवू नका, सगळंच न्या. बाबांनी कामाला दांडी मारून यावं, कारण कामाच्या जागेबद्दल तेच सांगू शकतात. आणि आजीलाही सोबत न्या. बाळाला दिवसभर कोण काय लावतं, काय भरवतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिने ते मोकळेपणाने सांगावं असं वाटत असेल, तर घरातून निघण्यापूर्वीच तिला सांगा, 'आई, तुमचं काही चुकलेलं नाही. तुमची मदत हवी आहे.'